अनुवादकाचे नाव नोंदीत हवेच

महोदय,

१८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय नांदत असलेल्या ठाण्यात इतर भारतीय भाषांतली नवी पुस्तके मागणारे वाचक पुष्कळ आहेत. सोसायट्यांतल्या छोट्या वाचनालयांत ही पुस्तके हरवतात ती नोंदवहीत. गीतांजली श्री यांची ‘रेत समाधि’ २०१८ साली हिंदीत आली. डेझी रॉकवेल यांच्या इंग्रजी अनुवादाला, ‘टूम ऑफ सँड’ला, २०२२चे आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले. नुसत्या शीर्षकाने नोंद केली की ही दोन वेगळी पुस्तके ठरतात. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचे ओळख-क्रमांकही निराळे, त्यामुळे संगणकही ती जोडत नाही. म्हणून मूळ शीर्षक, मूळ भाषा, मूळ प्रकाशनवर्ष आणि अनुवादक असे चार रकाने वाढवावेत.

पुस्तकांना क्रमांकांनी वर्ग देणाऱ्या ड्युई पद्धतीत साहित्याचा अनुवाद मूळ भाषेच्याच वर्गात जातो. हिंदी कथासाहित्य ८९१.४३३, मराठी ८९१.४६३. बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांचा इंग्रजी अनुवाद ‘हार्ट लॅम्प’ इंग्रजीच्या कपाटात नव्हे, कन्नडच्या ८९४.८१४३ खाली हवा. त्याच्या २०२५च्या आंतरराष्ट्रीय बुकरचे ५० हजार पौंड लेखिका आणि अनुवादक दीपा भास्ती यांना निम्मे-निम्मे आहेत. मग आपल्या कार्डावर अनुवादकाला एक ओळही का नसावी?

खरेदीतही हिंदी मूळ मिळत असताना इंग्रजी अनुवाद घेणे हा द्राविडी प्राणायाम आहे. कन्नड, तमिळ, मल्याळम पुस्तकांचा मराठी अनुवाद घेताना तो थेट मुळावरून केला आहे की इंग्रजीवरून, हे आतल्या पानावर आधी तपासावे.

– एक ग्रंथालय कार्यकर्ता, नौपाडा, ठाणे