आंगोव्हिलच्या चर्चमधले ते दोघे डॉक्टर नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

६ जूनच्या निमित्ताने, दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांनी जर्मनव्याप्त फ्रान्समधल्या नॉर्मंडीवर केलेल्या स्वारीवर आपल्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. किनाऱ्यांच्या आणि सेनापतींच्या वर्णनातून जागा काढून लेखकाने आंगोव्हिल-ओ-प्लँ या लहानशा खेड्यातल्या चर्चचा उल्लेख केला, याचे मला फार समाधान वाटले. मात्र ‘दोन अमेरिकी डॉक्टरांनी या चर्चमध्ये जखमींवर उपचार केले’ असे जे छापले गेले आहे, ते बरोबर नाही. रॉबर्ट राइट आणि केनेथ मूर हे डॉक्टर नव्हते, मेडिक होते. चूक एका शब्दाची असली तरी त्या शब्दामुळे सगळ्या घटनेचा अर्थ बदलतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट म्हणून सेवा करून निवृत्त झालो. गावात आजही लोक मला ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारतात आणि मी दर वेळी ती हाक दुरुस्त करतो. मेडिककडे पदवी नसते, शस्त्रक्रियेचे टेबल नसते. रक्त थांबवणे, जखमेवर (त्या काळी जंतुसंसर्ग रोखण्यासाठी सल्फाची पूड टाकून) पट्टी बांधणे, मोडलेल्या हाताला खपची लावणे, मॉर्फिन टोचणे, प्लाझ्मा (रक्तद्रव) असेल तर तो चढवणे आणि जखमीला जिवंत मागे पाठवणे, एवढेच त्याचे काम. त्या दिवशी आंगोव्हिलमध्ये मागे पाठवायला वाटच उरली नव्हती.

हे खेडे कारंताँ गावाजवळ, अमेरिकी सैन्य समुद्रातून जिथे उतरले त्या ‘युटा’ किनाऱ्यापासून थोडे आत आहे. ५ जून १९४४ च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे छत्रीधारी सैनिक या परिसरात उतरले. त्यांच्यातल्या ५०१ व्या रेजिमेंटचे हे दोघे मेडिक जेमतेम विशीचे होते. त्यांनी चर्चच्या दारावर रेड क्रॉसची खूण लावली आणि जखमींना आत आणायला सुरुवात केली. लढाईत गाव कधी या बाजूकडे, तर कधी त्या बाजूकडे जात राहिले. अमेरिकी तुकडीला माघार घ्यावी लागली तेव्हा तिच्याबरोबर निघून जाणे या दोघांना शक्य होते. जखमींना हलवता येत नव्हते, म्हणून ते थांबले.

पुढे एक जर्मन अधिकारी आत आला. बाकांवर अमेरिकी सैनिकांच्या शेजारी त्याच्याच सैन्यातले जखमी पट्ट्या बांधून पडलेले पाहून त्याने चर्चला धक्का लावला नाही. आत येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणत्याही बाजूचा असो, शस्त्र दाराबाहेर ठेवायचे, हा या दोन पोरांनी केलेला नियम होता. जखमी शत्रूचीही शुश्रूषा करावी, हे त्या काळी लागू असलेल्या १९२९ च्या जिनिव्हा करारात लिहिलेले होतेच. पण बाहेर गोळीबार चालू असताना, जवळच्या पट्ट्या संपत आलेल्या असताना, कोणाला आधी बांधायचे हे केवळ जखम पाहून ठरवणे किती अवघड असते, ते ज्याने केले आहे त्यालाच कळते. मधल्या काळात छत फोडून एक तोफगोळा आत पडला. फरशी तडकली, पण गोळा फुटला नाही. घंटाघरात लपलेले दोन जर्मन सैनिकही अखेर खाली उतरून शरण आले.

मुलगी नोकरीनिमित्त फ्रान्समध्ये असल्यामुळे मला ते चर्च पाहता आले. तडकलेली फरशी तशीच ठेवली आहे. लाकडी बाकांवरचे डाग काळपट तपकिरी आहेत आणि ते लाकडाच्या रेषांमध्ये इतके खोल मुरले आहेत की पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो जुन्या लाकडाचाच रंग वाटावा. बाकाची रुंदी माणूस आडवा करण्यापुरती जेमतेम आहे. त्यावर तळमळणाऱ्या जखमीला खाली पडू न देणे हेसुद्धा रात्रभराचे काम झाले असेल. गावकऱ्यांनी हे डाग घासून काढले नाहीत, याबद्दल त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे आहेत.

हे चर्च संत कॉस्मस आणि संत डेमियन या जुळ्या भावांचे आहे. परंपरेनुसार ते दोघे मोबदला न घेणारे वैद्य होते. त्या चर्चमधले डॉक्टर म्हणायचे तर हेच दोघे. बाहेरच्या स्मारकशिळेवर राइट आणि मूर यांच्या नावांबरोबर ‘मेडिक’ हाच शब्द कोरलेला आहे, आणि त्यांनी ८० लढवय्यांची आणि एका मुलाची शुश्रूषा केल्याची नोंद आहे. ‘८० अमेरिकी सैनिक’ असे तिथे लिहिलेले नाही, हेही आपल्या लेखकाने लक्षात घ्यावे. दोघांना सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक मिळाले. राइट २०१३ मध्ये वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थी याच चर्चच्या आवारात पुरल्या आहेत आणि वरच्या दगडावर फक्त नावाची तीन आद्याक्षरे आहेत. पुढच्याच वर्षी मूरही गेले.

आपल्याकडेही सीमेवरच्या चौकीत जखमी जवानाजवळ सर्वांत आधी पोहोचतो तो नर्सिंग असिस्टंटच. बातमीत मात्र बहुतेक वेळा ‘डॉक्टरांच्या पथकाने प्राण वाचवले’ एवढेच येते. डॉक्टरांविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे आणि त्यांच्या हाताखालीच मी शिकलो. तरीही ज्याचे काम त्याच्या नावावर लागावे, एवढीच अपेक्षा आहे. पुढच्या पुरवणीत आपण ही दुरुस्ती छापावी आणि त्या दोघांसाठी ‘मेडिक’ हाच शब्द वापरावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त नर्सिंग असिस्टंट, सातारा