समुद्र हटला नाही, नकाशा बदलला

महोदय,

राज्याची किनारपट्टी ७२० किलोमीटर, हे मी भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षं घोकून घेतलं. आता केंद्राच्या आकडेवारीत ती ८७७.९७, देशाची ७,५१६ वरून ११,०९८. शेजारी विचारतात, "गुरुजी, समुद्र मागे हटला की काय?" छे! केंद्राचं जुनं मोजमाप १:४५,००,००० प्रमाणाच्या (१ सेंमी म्हणजे ४५ किमी) नकाशावरचं, नवं १:२,५०,००० (१ सेंमी म्हणजे अडीच किमी) वरचं. दोरा ठेवून बघा. लहान नकाशात जयगडची खाडी नुसती खाच. मोठ्यात दोरा आत शिरून, वळून परत येतो. आणखी बारीक मोजा, लांबी आणखी वाढेल. गणितज्ञ मॅन्डेलब्रॉटनं १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल हेच लिहिलं. तेव्हा आकड्याशेजारी नकाशाचं प्रमाणही छापा. '७२०' न लिहिणाऱ्यांचे मी कापलेले गुण मात्र आता कसे परत देऊ?

– एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी