एका पोराच्या किती फायली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या सातपूरला, कारखान्यांच्या वस्तीत, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, स्पायरल बाइंडिंग, सगळंच करतो. उन्हाळा हा आमचा सीझन. शाळेचे प्रवेश, दाखले आणि त्यातच बालसंगोपन योजनेचे अर्ज. आई किंवा वडील गेलेल्या, आजीकडे नाहीतर मामाकडे वाढणाऱ्या मुलांसाठी सरकार महिन्याला २,२५० रुपये देतं. योजना चांगली आहे. माझं म्हणणं तिथवर पोचण्याच्या वाटेबद्दल आहे, आणि ती वाट माझ्या काउंटरवरून रोज दिसते.

दिवाळीनंतर एक आजी आल्या. मुलगा वारला, सून निघून गेली, दोन नातवंडं गळ्यात. आजी अंबडला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासतात. कुठल्याही कार्यालयात जायचं म्हणजे एक खाडा. बालसंगोपनला आधार, रेशनकार्ड, बोनाफाईड, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, शिवाय मुलांना घेऊन घरासमोर उभं राहून काढलेला फोटो लागतो. तो फोटो मीच जाऊन काढला. आजींनी त्यासाठी पत्र्याच्या दाराला तोरण लावलं होतं. घरचा फोटो सोडला तर तेच कागद शिष्यवृत्तीला, थोड्याफार फरकाने तेच तहसीलमध्ये निराधार योजनेला. धाकटीला ऐकायला कमी येतं, म्हणून दिव्यांग प्रमाणपत्राला पुन्हा नवा सेट.

मृत्यूच्या दाखल्यात मुलाच्या नावात एक काना कमी पडला होता. एका टेबलावर तो दाखला चालला. दुसऱ्या टेबलावर ‘दुरुस्ती करून आणा’. दुरुस्ती होईस्तोवर ३१ मार्च उलटला आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली. मग तो नव्याने काढा. मी पानाला दोन रुपये घेतो, त्यामुळे या सगळ्यात माझा फायदाच झाला हे मी नाकारत नाही.

पण कागदांपेक्षा मला दुसरीच गोष्ट खटकते. मोठा नातू नववीत. तो दिवाळीपासून शाळेत जात नव्हता, गॅरेजवर बसायचा. गैरहजेरी शाळेला माहीत. अर्ज अडकलाय हे योजनेच्या कारकुनाला माहीत. बहिणीच्या कानाचं दवाखान्याला माहीत. संध्याकाळी तो कोणत्या पोरांबरोबर टपरीवर उभा असतो ते बीटवरच्या पोलिसाला माहीत असणार. हे चौघं एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांचे कागद एकत्र येतात ते फक्त माझ्या मशीनच्या काचेवर. मग एखाद्या रात्री गल्लीतल्या गाड्यांच्या काचा फुटतात, पेपरात ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे गुन्ह्यात सापडलेलं अल्पवयीन पोर, असा शब्द येतो आणि सगळे एकदम जागे होतात. २०२५ मध्ये पोलिसांनी पकडलेल्या गुंडांकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ वदवून घेतल्याचे व्हिडिओ आम्हीही चवीने पाहिले. ती पोरं बारा-तेरा वर्षांची असताना कोणाच्या यादीत होती, हे मात्र कोणी विचारलं नाही.

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्य शिकणाऱ्या, एका विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट बाइंडिंगला आला होता. पानं लावता लावता वाचला. लंडनमध्ये फेब्रुवारी २००० मध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए नावाची आठ वर्षांची मुलगी नातेवाइकाकडे हालहाल होऊन गेली. चार भागांच्या स्थानिक प्रशासनांचे समाजसेवा विभाग, पोलिसांची दोन बाल संरक्षण पथकं, दोन रुग्णालयं, एवढ्यांच्या नजरेखालून ती गेली होती. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीत तिला वाचवण्याच्या बारा संधी हुकल्याचं निघालं. त्यानंतर २००४ च्या कायद्याने तिथल्या प्रशासनात मुलांचं शिक्षण आणि संरक्षण दोन्ही एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली आलं. त्याने सगळं सुधारलं असं नाही. त्यातल्याच हॅरिंगे भागात २००७ मध्ये आणखी एक तान्हं बाळ असंच गेलं. पण जाब कोणाला विचारायचा ते तरी ठरलं होतं. आपल्याकडे मृत्यूचा दाखला, मनपा शाळा, लसीकरण हे महापालिकेकडे, बालसंगोपन जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाकडे, आदेश बाल कल्याण समितीचा, उत्पन्नाचा दाखला महसूलचा. मुलांच्या मदतीचा १०९८ चा फोन २०२३ पासून आणीबाणीच्या ११२ शी जोडायला घेतला, ते बरंच झालं. फोन ठेवल्यावर पोरगं कोणाचं, हा प्रश्न राहिलाच.

मुलांची माहिती गुप्त ठेवावी लागते, म्हणून सगळ्या खात्यांची फाईल एक करता येत नाही, असं एका साहेबांनी मला ऐकवलं. कायदा तसा आहेच आणि असायलाच हवा. पण साहेबांनी माझ्या कॉम्प्युटरचं डाउनलोड फोल्डर एकदा बघावं. लोक आधार, दाखले, समितीचे आदेश, दवाखान्याचे रिपोर्ट सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवतात, ‘दादा, प्रिंट काढा’. मी रात्री दुकान बंद करताना डिलीट करतो. सगळेच करत असतील असं नाही. आजची गुप्तता ही अशी आहे.

एकत्र काम जमत नाही म्हणावं, तर सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबकेश्वरचं स्वतंत्र प्राधिकरण २०२५ मध्ये कायद्याने उभं राहिलंच ना? महापालिका, पोलीस, रेल्वे, आरोग्य, सगळे एका टेबलावर बसले पाहिजेत हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. २०२७ च्या गर्दीत रामकुंडावर पोर चुकलं, तर ते आईपर्यंत पोचवायला सगळी खाती धावतील. आमच्या वस्तीतलं पोर न चुकता रोज घरी येतं, एवढाच त्याचा गुन्हा.

अठरा पूर्ण झाल्यावर तर आणखी पंचाईत. बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांना कायद्याने २१ वर्षांपर्यंत अनुरक्षणाचा, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या मदतीचा, आधार आहे. आजीकडे वाढलेल्याचं बालसंगोपन मात्र वाढदिवसाबरोबर बंद. आयटीआयला कुठे अर्ज करायचा, वसतिगृह मिळेल का, हे विचारायला तो येतो माझ्याकडे. मला जेवढं गुगलवर दिसतं तेवढं मी सांगतो.

आयुक्तांनी एवढं करावं. महापालिकेच्या सहा विभागीय कार्यालयांत मुलांसाठी एक टेबल आणि त्यावर अधिकार असलेला माणूस बसवावा. मुलाला एकच फाईल नंबर, कागद एकदाच. मृत्यूचा दाखला आणि मनपा शाळेचा बोनाफाईड पालिकेनेच दिलेले, ते लोकांकडून मागूच नयेत. शाळेत महिनाभर न आलेल्या मुलांची यादी आणि योजनेत अडकलेल्या अर्जांची यादी शेजारी ठेवून पाहावी. प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमायचा असतो, त्याने आणि जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाच्या माणसाने महिन्यातून एकदा त्या टेबलावर यावं. अठरा ते एकवीसच्या पोरांनाही तिथूनच पुढची वाट दाखवावी. सहाही ठिकाणी एकदम जमत नसेल, तर सुरुवात सातपूरपासून करा. आणि टेबल संध्याकाळी सातपर्यंत चालू ठेवा. आमच्याकडे पहिली पाळी दुपारी सुटते, जनरल संध्याकाळी, आणि खाडा कोणालाच परवडत नाही.

आपला,
एक झेरॉक्सवाला, सातपूर, नाशिक