कळवणे वेगळे, क्लेम वेगळा

महोदय,

आपल्या चुकीने किरकोळ धडक झाली की अनेक जण जागीच पैसे देऊन मिटवतात. ‘बोनस जाईल’, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत जाईल, या धास्तीने विमा कंपनीला काही कळवतच नाहीत. पण अपघात कळवणे वेगळे आणि क्लेम करणे वेगळे. क्लेम करायचा नसला तरी अपघात कळवा, अशी अट बहुतेक पॉलिसींत असते.

गाडी आपल्याच फाटकाला घासली असेल, तर प्रश्न निव्वळ हिशेबाचा. दुरुस्तीच्या खर्चातून पॉलिसीनुसार आपल्या खिशातून जाणारा हिस्सा वजा करा आणि उरलेली रक्कम बोनसच्या तोट्याशी ताडून पाहा. हा तोटा एका वर्षाचा धरू नका. समजा ५० टक्के सवलत गेली आणि दरवर्षी १० टक्क्यांनी परत आली, तर ५ वर्षांत ५०, ४०, ३०, २०, १० असे मिळून मूळ हप्त्याच्या दीडपट पैसे जादा जातात. छोटा डेंट पदरमोड करून काढलेला बरा.

दुसऱ्याच्या गाडीला लागले असेल, तर मात्र अवश्य कळवा. बंपरचे प्लास्टिक दबून पुन्हा जागेवर येते, वरून ओरखडाच दिसतो. आत फोम चेपलेला, क्लिपा तुटलेल्या, लोखंडी बीम वाकलेला असू शकतो. रडार असलेल्या गाडीत त्याचा ब्रॅकेट किंचित हलला तरी रडारचे कॅलिब्रेशन (पुन्हा अचूक जुळणी) करावे लागते. हे सारे बंपर उतरवल्यावर कळते, आणि मानेचे दुखणे तर कित्येकदा दुसऱ्या दिवशी सुरू होते. मग समोरच्याचा दावा येतो, तेव्हा जागेवरचा तोंडी समझोता उपयोगी पडत नाही. उलट ‘उशिरा कळवले’ हा मुद्दा कंपनीच्या हाती जातो.

जागेवर दोन्ही नंबरप्लेट एकाच फोटोत घ्या, मग नुकसानीचे जवळून फोटो काढा. ‘सगळा खर्च मी देईन’ असे लिहून देऊ नका. कंपनीच्या संमतीविना जबाबदारी पत्करायला बऱ्याच पॉलिसींत मनाई असते. कळवताना ‘फक्त माहितीसाठी, सध्या क्लेम नाही’ असे लेखी द्या आणि नोंद क्रमांक घ्या. नूतनीकरणाच्या वेळी अपघाताबद्दल विचारले, तर दडवू नका. तेथे खोटे लिहिले तर पॉलिसीच धोक्यात येते.

नुसते कळवल्याने हप्ता वाढतो का आणि किती दिवसांत कळवायचे, ही दोन उत्तरे विमा कंपन्यांनी पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक छापावीत, ही कळकळीची मागणी आहे.

– एक विमा सर्व्हेअर