बाबा, मी फियाट घेतली

कॉव्हेंट्री,
रविवार, दुपार

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, मी फियाट घेतली.

हे एवढं वाक्य फोनवर सांगायचं चार महिने ठरवतेय. पण तुम्ही दीड मिनिटात "थांब, आईला देतो" म्हणता, आणि आई जेवणापासून सुरुवात करते ती गॅस संपला का, थंडी किती, इथपर्यंत जाते. मग राहूनच जातं. त्यात परवा दादाला फोटो पाठवून बसले. त्याच्या पोटात काही टिकत नाही, तेव्हा त्याच्याआधी हे पत्र पोचावं.

आई, आधी तुझ्यासाठी. घराच्या डिपॉझिटला हात लावलेला नाही. कर्ज काढलेलं नाही. गाडी साडेसहा हजार पौंडांना मिळाली, म्हणजे सात लाखांच्या आसपास. इथे त्या पैशात पाच-सात वर्षांची साधी हॅचबॅक येते. मी त्यात १९९८ची गाडी घेतली. हो, सत्तावीस वर्षांची. हो, पिवळी. तू फोटो बघून "टॅक्सी" म्हणणार हे मला ठाऊक आहे, दादाही तेच म्हणाला.

बाबा, आता तुमच्याशी. गाडीचं नाव फियाट कूपे. कूपे म्हणजे नुसतं दोन दारांची गाडी. कंपनीने दुसरं नाव ठेवायचे कष्टच घेतले नाहीत. १९९३च्या डिसेंबरात बोलोन्याच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली आणि २००० साली बंद झाली. सगळ्या मिळून ७२,७६२ गाड्या. खालचा सांगाडा फियाट टिपोचा, म्हणजे चारचौघांसारख्या घरगुती गाडीचा. वरचं रूप मात्र असं, की पेट्रोल पंपावर अनोळखी माणसं येऊन विचारतात. ते रूप ख्रिस बँगल नावाच्या अमेरिकन माणसाने फियाटमध्ये असताना काढलं. पुढे तो बीएमडब्ल्यूच्या डिझाइनचा प्रमुख झाला आणि लोकांनी त्याला पुष्कळ शिव्या घातल्या. चाकांच्या कमानींवर त्याने पत्र्यात तिरके काप दिलेत, शाळेत आम्ही पट्टी ठेवून कर्कटकाने ओढायचो तसे. काहींना ते बघवत नाहीत. मला आधी तेच आवडले. दाराला मूठ दिसत नाही, ती काचेमागच्या खांबात लपवलीय. पहिल्या दिवशी मी स्वतःच दोन मिनिटं दार चाचपत उभी होते. पेट्रोलचं झाकण मात्र उघड्यावर, ॲल्युमिनियमचं, पूर्वीच्या शर्यतीच्या गाड्यांसारखं.

आतली रचना पिनिनफरिनाची, म्हणजे गाड्यांची रूपं काढणाऱ्या इटलीतल्या कंपनीची. बाहेरच्या रूपासाठी त्यांनीही आराखडा दिला होता, तो फियाटने नाकारला. पण आतलं काम आणि तुरिनजवळच्या कारखान्यात गाडी बांधायचं काम त्यांनाच दिलं. डॅशबोर्डवर या दारापासून त्या दारापर्यंत पत्र्याची पट्टी आहे, गाडीच्याच रंगाची. म्हणजे आतही पिवळं! त्या पट्टीवर पिनिनफरिनाची सही. आणि गंमत अशी, की पिनिनफरिना आता महिंद्रांकडे आहे. २०१५च्या अखेरीस सौदा जाहीर झाला. म्हणजे उलट्या वाटेने का होईना, गाडीचं मुंबईशी नातं निघतंच.

आपल्या फियाटशी तुलना तुम्ही करणारच, म्हणून आकडे देते. आपली १,०८९ सीसी, हॉर्सपॉवर चाळीसच्या आसपास. ही १,९९८ सीसी, पाच सिलिंडर, टर्बो, हॉर्सपॉवर २२०. शून्यावरून शंभरला साडेसहा सेकंद. (आई, हे कागदावरचं. मी करून बघितलेलं नाही. एकदाच.) पाच सिलिंडरचा आवाज चारसारखा सरळ नाही आणि सहासारखा गुळगुळीतही नाही. थोडा घोगरा आहे, सर्दी उतरत आलेल्या गवयासारखा. त्यामागून ऐकू येणारी शिट्टी टर्बोची.

घेताना तुमचीच पद्धत वापरली. गाडी श्रूझबरीजवळच्या एका खेड्यात, एका निवृत्त गृहस्थांकडे होती. निघण्याआधी त्यांना फोनवर सांगितलं, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर गप्पा मारता मारता बॉनेटवर तळवा ठेवला. थंड होतं. सातारच्या पोवई नाक्यावर तुम्ही असंच केलं होतंत आणि तो एजंट कसा ओशाळला होता, आठवतं? गाडी थंड असतानाच सुरू करायला हवी, कारण या इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणारा भाग, तडकतो. तडकलेला असेल तर सुरुवातीला टिक-टिक ऐकू येते आणि धातू तापून फुगला की आवाज जातो. गरम करून ठेवलेली गाडी खोटं बोलते. ही बोलली नाही. निळा धूर नाही, टिक-टिक नाही.

मग फाइल. त्या गृहस्थांनी वायपरच्या रबराचीसुद्धा पावती लावून ठेवली होती. इथे तीन वर्षांवरच्या गाडीची दर वर्षी तपासणी करावी लागते, आणि नंबर टाकला की सरकारी साइटवर जुने निकाल कुणालाही दिसतात. ते मी घरीच वाचून गेले होते. एका वर्षी मागचा ब्रेक कमी, एका वर्षी टायर, बाकी ठीक. मुख्य म्हणजे लाल किल्ली होती. त्या काळात फियाट दोन साध्या किल्ल्यांबरोबर एक लाल किल्ली देत असे. नवी किल्ली गाडीला ओळखवायची तर ती लागते. ती हरवलेली गाडी घेणं म्हणजे सातबाऱ्याशिवाय जमीन घेणं. त्यांनी ती आगपेटीत, कापसात ठेवली होती.

घासाघीस टायमिंग बेल्टवर केली, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणाऱ्या पट्ट्यावर. बेल्ट बदलून सहा वर्षं झाली होती. तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन संपतं. आणि पाच सिलिंडरचं इंजिन त्या बॉनेटखाली आडवं कोंबलंय, बेल्टच्या बाजूला बोट शिरत नाही. बरेच मेस्त्री इंजिन खाली उतरवूनच ते काम करतात, म्हणून मजुरी जबर. हे सगळं त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मला माहीत आहे, म्हणून तर विकतोय." सात हजार दोनशेचे साडेसहा हजार झाले. पुढच्याच आठवड्यात वॉटर पंपासकट बेल्ट बदलून घेतला, नऊशे पौंड. पंधरा वर्षांपूर्वी लोकांनी या गाड्या फुकटात घेतल्या, त्यातल्या कित्येक या बेल्टपायीच भंगारात गेल्या असणार. स्वस्त गाडी घेतली म्हणून तिला स्वस्तात सांभाळता येतं असं नाही.

आता जे तुम्ही विचारणारच: बंद पडली का?

पडली. म्हणजे मी पाडली. जूनमध्ये, उन्हात, मोटरवेवर पुढे अपघात झाल्याने सगळे खोळंबलेले. इंजिनाचा पंखा लागलाच नाही आणि काटा चढायला लागला. काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण सोडला, म्हणजे इंजिनाची उष्णता आत घेतली. बाहेर अठ्ठावीस अंश आणि मी आत भाजतेय. शेजारच्या गाडीतलं पोर माझ्याकडे बघत आइस्क्रीम खात होतं. पुढचा एक्झिट मिळेपर्यंत काटा थोपला. बाहेर पडले, कडेला लावली, बॉनेट उघडलं आणि पंचेचाळीस मिनिटं कशालाही हात न लावता गवतावर बसून राहिले.

बाबा, त्या पंचेचाळीस मिनिटांत खंबाटकी आठवला. मी सात-आठ वर्षांची असेन. पुण्याहून येताना दुसऱ्या वळणावर आपली फियाट धापा टाकायला लागली. इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवून झालं, आईने लोणच्याची बरणी मांडीवरून उतरवली, मागच्या ट्रकवाल्याने कॅनमधून पाणी दिलं. आणि तुम्ही घाईने रेडिएटरचं झाकण फिरवलंत. मनगटावरचा तो डाग अजून आहे. नंतर तुम्ही मला दरवेळी सांगायचात, "काटा वर गेला की माणसाने आधी खाली बसावं." मी आणि माझी पाण्याची बाटली, दोघी खाली बसलो होतो. पंख्याचा रिले, म्हणजे त्याला वीज देणारा स्विच, गेला होता. अकरा पौंडांचा.

तेवढी एक वेळ सोडली तर बाकी चार महिने नुसतं सुख आहे. ऑफिसला मी बसनेच जाते. गाडी भाड्याच्या गॅरेजात असते आणि रविवारी पहाटे निघते. लिटरला नऊ-दहा किलोमीटर देते, तेव्हा रोज परवडणारही नाही. लाडका रस्ता मॅकल्सफील्डहून बक्स्टनला जाणारा, कॅट अँड फिडल म्हणतात त्याला. वर नुसतं माळरान, मेंढ्या आणि धुकं. पाचगणीच्या पठारावर सकाळी असतं तसंच, फक्त घोडेवाले नाहीत. सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, ताशी पन्नास मैलांची मर्यादा, त्यामुळे आई, तू निर्धास्त राहा. पण पन्नासातही वळणं मजा देतात. पुढच्या दोन चाकांमध्ये एक चिकट द्रव भरलेला डिफरन्शियल आहे. एक चाक ओल्यावर घसरायला लागलं की तो दुसऱ्याकडे ताकद वळवतो आणि स्टिअरिंग हातात जिवंत होतं, पतंगाचा मांजा ताणल्यावर होतो तसं. बक्स्टनला रस्त्याच्या कडेला झऱ्याचा नळ आहे, लोक बाटल्या भरून नेतात. मीही भरते, थर्मासातला चहा पिते आणि परत येते. परत आल्यावर टर्बोला दोन मिनिटं शांत चालू ठेवून मग बंद. एसटीचे जुने ड्रायव्हर डेपोत आल्यावर असंच करायचे असं तुम्ही सांगायचात.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी, म्हणजे जुनी फियाटच, बंद झाली तेव्हा तुम्ही पेपरातल्या बातमीचा फोटो पाठवला होतात. खाली काहीच लिहिलं नव्हतं. मी "अरेरे" असं उत्तर दिलं. त्या रात्री बराच वेळ जुन्या फियाटी बघत बसले आणि त्यातच ही दिसली. तेव्हा कारण काय, असं कुणी विचारलं तर तुम्हीच.

मे महिन्यात तुम्ही येताय. हीथ्रोला मी ही गाडी आणणार नाही. एक तर लंडनच्या प्रदूषणाच्या नियमात ती बसत नाही, दिवसाचे साडेबारा पौंड पडतात आणि हीथ्रोही त्या हद्दीत येतं. दुसरं म्हणजे मागे दोन माणसं बसतात असं फियाटचं म्हणणं आहे. बाबा, तुमच्या गुडघ्यांचं वेगळं असेल. तुमच्या दोन बॅगा तर कुठेच मावणार नाहीत. तेव्हा कोचने येऊ.

पण आई, तुझं एक काम आहे. तू चौतिसाव्या वर्षी स्टिअरिंगवरच्या गिअरची फियाट शिकलीस, पोलीस परेड ग्राउंडवर. बाबांनी तुला घाटात कधी दिली नाही. मी मागच्या सीटवरून बघत होते तेव्हा, तू दरवेळी वाईच्या फाट्याला गाडी थांबवून उतरायचीस आणि काही न बोलता बाजू बदलायचीस. इथे पाहुण्यांना भारतातल्या लायसनवर वर्षभर गाडी चालवता येते. इन्शुरन्सवाल्यांशी बोलले, आठवड्यापुरतं तुझं नाव घालायला ते तयार आहेत. त्यांना लायसनच्या दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो हवाय. मुदत बघ आधी. संपत आली असेल तर दादाबरोबर आरटीओत जाऊन ये, मेपर्यंत वेळ आहे. गिअर खाली आहे, पण क्लच हलका आहे.

बाबा, तुम्ही शेजारी बसा. बाटली मी भरून ठेवीन.

तुमची,
ठमी