ग्रीसच्या गुहा : आधी पायऱ्या विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ग्रीसच्या बेटांवरच्या गुहांची माहिती आली, हे बरे झाले. एरवी ग्रीस म्हटले की पांढरी घरे आणि सूर्यास्त यांपुढे आपल्याकडचे सहलवाले जात नाहीत. पण त्या मजकुरात अँटिपारोस, केफालोनिया, क्रीट आणि सामोस ही नावे एका दमात आली आहेत. वाचणाऱ्याला वाटावे, सकाळी एक पाहू आणि दुपारी दुसरी. प्रत्यक्षात केफालोनिया पश्चिमेला आयोनियन समुद्रात, सामोस पूर्वेला तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ आणि क्रीट पार दक्षिणेला. एकीकडून दुसरीकडे जाताना बहुतेक वेळा अथेन्सला परत यावे लागते. आठ-दहा दिवसांत एक बेट नीट होते, फार तर दोन. कोणी चार बेटांचा तक्ता पुढे केला, तर त्यात गुहेत किती तास आणि बंदरावर किती, हे पेन घेऊन मांडून पाहावे.

दुसरी गोष्ट खडकाची. आगाशिव, पाटेश्वर, दंडोबा ही आपल्या पायाखालची ठिकाणे. ती काळ्या पाषाणात माणसाने कोरलेली. डोंगर चढायचा, की पुढे लेण्यात सरळ पाऊल. ग्रीसच्या गुहा चुनखडीतल्या. मुरणारे पावसाचे पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते, खडक विरघळवते आणि छतातून थेंब थेंब गळताना चुना मागे ठेवते. त्यातूनच लोंबते आणि उभे खांब घडतात. म्हणजे जिथे पाहण्यासारखे काही आहे तिथे पाणी गळतेच आणि पायरीही ओलीच असते. गुळगुळीत तळव्याचे बूट तिथे निरुपयोगी. रबरी, खाचांचा तळवा हवा. खांबांना हात लावू नये. हाताचे तेल बसले की पाणी त्यावर नीट पसरत नाही, वाढ थांबते आणि डाग कायमचा राहतो.

अँटिपारोसच्या गुहेत चारशेहून अधिक पायऱ्या उतरायच्या आणि तेवढ्याच चढायच्या. लिफ्ट नाही. किल्ल्यावर दम जाताना लागतो, इथे तो परतताना लागतो आणि तोवर गुडघे उतरून थकलेले असतात. ज्येष्ठांनी पहिल्या मोठ्या टप्प्यावर थांबून तिथूनच परतायचे की नाही ते ठरवावे, तळाशी पोचून नव्हे. आणखी एक बारीक पण नेहमी नडणारी बाब : उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या काचांचा चष्मा. बाहेरच्या लख्ख उन्हातून आत शिरल्यावर काचा पुन्हा स्वच्छ व्हायला काही मिनिटे लागतात आणि पहिल्या उताराच्या पायऱ्या नेमक्या तेवढ्यातच येतात. साधा चष्मा जवळ ठेवावा किंवा तोंडाशी थोडे थांबावे. या गुहेत १६७३च्या नाताळात फ्रान्सचा राजदूत मार्की द न्वांतेल याने लवाजम्यासह प्रार्थना केली आणि तसा लेख कोरून ठेवला. तो आज इतिहास म्हणून दाखवतात. आपल्या किल्ल्यांच्या भिंतींवर बदामात नावे कोरणाऱ्यांनी यातून स्फूर्ती घेऊ नये.

ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत, त्यांनी केफालोनियावर सामी गावाजवळचे मेलिसानी पाहावे. छोट्या उतरत्या बोगद्यातून गेले की भूमिगत तळे, वल्ह्याची होडी आणि वर छत कोसळल्याने उघडे पडलेले आकाश. फेरी जेमतेम पाव तासाची. पाण्याचा निळा रंग ऊन थेट आत पडते तेव्हाच खुलतो, म्हणजे दुपारी बारा ते दोनच्या सुमारास. नेमकी तेव्हाच रांगही असते, पण सकाळी नऊला जाऊन रांग वाचवण्यात अर्थ नाही. तळ्याचे पाणी मचूळ का, याचा शोध मोठा मजेशीर आहे. बेटाच्या दुसऱ्या टोकाला आर्गोस्तोलीजवळ समुद्राचे पाणी जमिनीतल्या भेगांत गडप होते. १९६३ साली ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकांनी तिथे १४० किलो रंग ओतला आणि तो १४ दिवसांनी मेलिसानीच्या बाजूला उगवला! समुद्राचे पाणी बेटाच्या पोटातून आरपार वाहते. जवळच्याच द्रोगाराती गुहेत मात्र पुन्हा पायऱ्या आणि साधारण १८ अंशांचा गारवा. घामेजलेल्या अंगाने शिरायचे तर पातळ स्वेटर हवा.

आमच्या मते सातारकरांनी एकच ठिकाण निवडायचे तर सामोसवरचा, युपालिनोस या ग्रीक स्थापत्यकाराचा बोगदा निवडावा. कास तलावाचे पाणी केवळ उताराच्या जोरावर साताऱ्यात आलेले ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्याचे मोल सांगावे लागणार नाही. इ. स. पू. सहाव्या शतकात शहराला पाणी आणण्यासाठी डोंगराच्या दोन्ही अंगांनी एकदम खोदायला घेतलेला हा १०३६ मीटरचा बोगदा. उत्तरेकडून येणाऱ्यांना ठिसूळ खडक लागला, म्हणून त्यांनी वळसा घेतला, तरी दोन्ही तुकड्यांची गाठ पडली. बोगद्याची जमीन जवळपास सपाट आहे. पाण्यासाठी कडेला वेगळा चर असून तो उतार साधत दक्षिण टोकाशी आठ मीटरच्या आसपास खोल जातो. तळाशी मातीच्या नळांची ओळ होती. आत जाताना हेल्मेट देतात. सुरुवातीचा जिना आणि पुढची वाट खांद्याला भिंत लागेल इतकी अरुंद आहे. कोंडल्यासारखे वाटणाऱ्यांनी तिथेच मागे फिरावे. पूर्ण लांबीची आणि छोटी अशा वेगवेगळ्या फेऱ्या असतात, त्या आधी विचारून घ्याव्यात.

क्रीटच्या मेलिदोनी गुहेत १८२४ मध्ये आश्रयाला आलेली सुमारे ३७० माणसे तुर्की सैन्याने धूर करून मारली. आत त्यांचे स्मारक आहे. तिथे आरडाओरडा आणि सेल्फी नकोत.

राहिला काळ. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रात मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटतो. तो वाढला की समुद्रगुहांच्या होड्या आणि प्रसंगी फेरीबोटीही थांबतात. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नये, अथेन्स गाठावे. दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण सरकारी स्थळांचे उन्हाळी वेळापत्रक ऑक्टोबरअखेर संपते, फेऱ्या कमी होतात आणि काही गुहा बंदच असतात. मे महिना उत्तम. अनेक सरकारी ठिकाणी मंगळवारी सुट्टी असते आणि दुरुस्तीसाठी गुहा महिनोन्‌महिनेही बंद राहते, म्हणून तिकीट काढण्याआधी खात्री करावी.

पुढच्या वेळी अशा लेखासोबत पायऱ्यांची संख्या, सुट्टीचा वार आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ एवढी चौकट आपण छापावी, ही विनंती.

आपले,
भटकंती करणारे काही वाचक, सातारा