वंशावळीच्या दाखल्यावर कुत्राही दिसू द्या : पशुसंवर्धनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पशुसंवर्धनमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

कुत्र्यांच्या पैदाशीचे परवाने हा विषय आपल्या अखत्यारीत येतो, म्हणून वंशनोंदणीबद्दल हे पत्र. नोंदणीसाठी शुद्ध रक्त हा एकमेव निकष ठेवू नका, एवढीच मागणी आहे.

चांगले गुण पुढच्या पिढीत उतरावेत ही ब्रीडरची धडपड रास्तच आहे. मेंढ्या वळवणारा किंवा अंध माणसाला रस्ता ओलांडून देणारा कुत्रा आपोआप जन्माला येत नाही. पण नोंदणीच्या दाखल्यावर बहुतेक वेळा असते काय? आईबापांची, आजोबा-पणजोबांची नावे आणि असलीच तर शोमधली बक्षिसे. आधीच्या वेतातली पिल्ले कशी निघाली, किती दगावली, याबद्दल चकार शब्द नाही.

पांढऱ्या अंगावर ठिपके असणाऱ्या डाल्मेशियन जातीचेच बघा. युरिक ॲसिडचे विघटन नीट होऊ न देणारा जनुकदोष या जातीत इतका भिनला, की निर्दोष प्रत बाळगणारा कुत्राच उरला नाही. परिणाम म्हणजे मूत्रखडे. नरांत खडा मूत्रमार्गात अडकतो, कुत्रा पुन्हापुन्हा पाय उचलतो, थेंब थेंब होते, आणि वेळेत सोडवला नाही तर जीव जातो. जातीतल्या जातीत कितीही पारखून जोड्या लावा, जे जातीत शिल्लकच नाही ते निवडणार कुठून? १९७३मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या एका कुत्र्याशी संकर केला आणि पुढे प्रत्येक पिढीत पुन्हा डाल्मेशियनच वापरला. अशाने परका वाटा दर पिढीला निम्मा होतो, दहाव्या पिढीत तो हजारात एकाहूनही कमी उरतो. ठिपके तेच, अंगकाठी तीच, आणि जनुकाची निरोगी प्रत परत आलेली. तरीही कुत्र्यांची वंशनोंदणी करणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबने या वंशाला कायमची दारे उघडली ती २०११मध्ये. तोवर कागदाची शुद्धता राखण्यापायी खडे होणारी पिल्ले पैदा होत राहिली. याला गुण जपणे म्हणायचे का?

दुसरा मुद्दा नामांकित नराचा. एखादा चॅम्पियन झाला की जो तो आपली मादी त्याच्याकडेच नेतो. दोन पिढ्यांनी जातीतला अर्धा गोतावळा त्याचा, आणि त्याच्यात दडलेला दोषही सगळ्यांच्या घरी. बाप-लेकीच्या जोडीतून झालेल्या पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक (म्हणजे आईबापांकडून एकाच पूर्वजाची तीच जनुकप्रत मिळण्याची शक्यता) २५ टक्के येतो, सख्ख्या भावंडांच्या जोडीतूनही तेवढाच. ब्रिटनच्या केनेल क्लबने २००९पासून अशा जोड्यांच्या पिल्लांची नोंदणी बंद केली. आपणही करा. एका नरापासून किती वेते नोंदवायची यालाही मर्यादा घाला. (मोठे ब्रीडर ओरडतील. त्या नराच्या फीवर त्यांचा धंदा चालतो, हेही लक्षात असू द्या.)

मर्ल रंगाच्या (फिकट अंगावर गडद छटांचे ठिगळ असलेल्या) दोन कुत्र्यांची जोडी तर थेट रोखावी. सरासरी चारातल्या एका पिल्लाला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात आणि ते बहिरे किंवा आंधळे निघण्याचा धोका फार मोठा असतो. झोपलेल्या पिल्लांमागे टाळी वाजवावी, बाकीची दचकून माना वर करतात आणि एक पांढरे पिल्लू तसेच झोपून राहते. रंगाला भाव आहे, एवढ्यासाठी हे चालते.

वंशनोंदणीची वही बाहेरच्या कुत्र्यांसाठी उघडली तर जात बुडेल, असे आपल्याला सांगितले जाईल. बॉर्डर कॉली मात्र बुडालेली नाही. या जातीची नोंद ठेवणाऱ्या इंटरनॅशनल शीप डॉग सोसायटीत कागदपत्रे नसलेला कुत्राही मेंढ्यांवर काम दाखवून वहीत येऊ शकतो, आणि मेंढपाळांचा भरवसा आजही याच जातीवर आहे.

तेव्हा दाखल्यावर आईबापांच्या नावांशेजारी खुब्याचा एक्स-रे, डोळे-कानांची तपासणी आणि आधीच्या वेतांची माहिती सक्तीची करा, आणि ती पिल्लू घेणाऱ्याला पैसे देण्याआधी बघता येऊ द्या. पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली होणाऱ्या नियोजित संकराला नोंदणीत वेगळा रकाना द्या. यासाठी नवे कार्यालय उघडावे लागणार नाही, आहे तोच अर्ज बदलला तरी पुरे.

आपला,
एक कुत्रेपालक